मगदूम मॅडम आणि टिंबाच्या फायली

मगदूम मॅडम चिडल्या की त्यांचा आवाज चढायचा नाही, उतरायचा. इतका उतरायचा, की समोरच्याला पुढं वाकून ऐकावं लागे. आणि वाकल्यावर आपोआपच चूक कबूल केल्यासारखं दिसे. ऑफिसात कुणी असं वाकलेलं दिसलं की बाकीचे आपापल्या स्क्रीनमध्ये डोकं घालायचे. पाच मिनिटांनी त्याच माणसाच्या टेबलावर मॅडम स्वतःच्या डब्यातली शेंगदाण्याची पोळी ठेवून जायच्या.

आमचं ऑफिस सांगलीत मार्केट यार्डाच्या मागं, एका हळदीच्या गोदामावर होतं. खाली पोती उतरायची, हमाल एकमेकांना शिव्या घालायचे आणि वर आमच्या कीबोर्डवर पिवळी धूळ बसायची. सर्व्हरच्या पंख्यात ती जाऊन बसू नये म्हणून मॅडमनी रंगकामाचा एक मऊ ब्रश ठेवला होता. सोमवारी आल्या आल्या पदर खोचून त्या तो पंखा साफ करायच्या. "हळद जखमेला चांगली, मशिनीला न्हाई," असं म्हणायच्या. दर सोमवारी. पहिल्यांदा आम्ही हसलो होतो. नंतर त्या म्हणाल्या नाहीत तर चुकल्यासारखं वाटायला लागलं.

कंपनी लहान होती. तासगाव आणि मिरजेच्या बाजूला द्राक्षबागांमध्ये आमची हवामान मोजणारी यंत्रं उभी होती. त्यांच्याकडून वारा, दमटपणा, तापमान असे आकडे यायचे आणि आमच्या प्रोग्रॅममधून शेतकऱ्यांच्या फोनवर मेसेज जायचे. आज फवारणी करू नका. संध्याकाळी पावसाची शक्यता, बेदाणा झाकून घ्या. एवढंच. पण द्राक्षाच्या पट्ट्यात एवढ्याला फार किंमत होती. या सगळ्याच्या मागं जे सर्व्हर होते ते मॅडम सांभाळायच्या. त्यांचं पद काय होतं ते कुणालाच धड माहीत नव्हतं. साहेब, म्हणजे आमचे मालक, बाहेरच्या माणसाला ओळख करून देताना म्हणायचे, "या विमल मगदूम. या नसल्या तर आम्ही दुकान बंद करू."

मी सातारचा. शिकून थेट तिथं लागलेलो, त्यामुळं मॅडमनी पहिल्या दिवसापासून माझं नाव बाजूला ठेवून मला 'सातारकर' करून टाकलं. त्या स्वतः तासगावजवळच्या एका खेड्यातल्या. जैन शेतकऱ्याचं घर, भाऊ बाग बघायचा, आणि मॅडम म्हाताऱ्या आईला घेऊन सांगलीत भाड्यानं राहायच्या. लग्न केलं नव्हतं. का, असं एकदा कुणीतरी विचारलं तर म्हणाल्या, "कामात राहून गेलं," आणि परत स्क्रीनकडं वळल्या. शिक्षण पुरं, इंग्रजी चांगलं, पुण्याहून नोकऱ्या सांगून येत. पण बोलणं गावाकडचं ते गावाकडचंच. परदेशातल्या इंजिनियरशी तास तास फोनवर बोलून झालं की फोन ठेवून म्हणायच्या, "लय पाल्हाळ लावतंय गड्या हे."

संध्याकाळी सूर्य कलला की मॅडमचं लक्ष खिडकीकडं जायचं. सूर्य मावळल्यावर त्या जेवत नसत. थंडीत तर साडेपाचलाच डबा उघडायचा. त्या वेळी मीटिंग चालू असली तर त्या डबा उचलून कोपऱ्यातल्या टेबलावर जाऊन बसायच्या. साहेबांचं बोलणं आपोआप थांबायचं. डब्यात कांदा नाही, बटाटा नाही. तरी त्या डब्यातली मुगाची आमटी आम्ही सगळ्यांनी कधी ना कधी पळवलेली आहे. पर्युषण संपलं की त्या सकाळी प्रत्येकाच्या टेबलापाशी जाऊन हात जोडायच्या, "वर्षात कधी लागंल असं बोलले असंन तर क्षमा करा." शिपायाला, साहेबांना, खालच्या गोदामाच्या मुकादमालाही. आम्ही आपलं, "असं काय मॅडम," म्हणून हसायचो.

त्यांचा खरा जीव होता तो मात्र, त्यांच्याच भाषेत, टिंबाच्या फायलींत.

हे थोडं समजावून सांगायला हवं. सर्व्हरवर काम करायचं ते चित्रं, बटणं असलेल्या पडद्यावर नाही. काळी विंडो उघडायची आणि तीत हुकूम टाइप करायचे. त्या विंडोमागं जो प्रोग्रॅम बसलेला असतो त्याला शेल म्हणतात. या शेलला काही गोष्टी आधी माहीत असाव्या लागतात. कुठला प्रोग्रॅम कुठं ठेवलाय, डेटा कुठून घ्यायचा, मेसेज पाठवायची चावी, म्हणजे परवलीचा शब्द, कोणती. या गोष्टी त्याला एकेक नाव आणि त्यापुढं किंमत अशा सांगायच्या असतात. त्यांना एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणतात. विंडोत नुसतं टाइप करून सांगितलं तर शेल ते विंडो बंद होईपर्यंतच लक्षात ठेवतो. कायमचं सांगायचं तर एका ठरलेल्या फायलीत लिहायचं. शेल सुरू होताना ती फाइल आधी वाचतो आणि मग कामाला लागतो. अशा फायलींच्या नावाची सुरुवात टिंबानं होते, आणि टिंबानं सुरू होणारी फाइल साध्या यादीत दिसत नाही. मुद्दाम बघावी लागते.

"दिसत न्हाई म्हणजे न्हाईच, असं समजू नको," हा मॅडमचा पहिला धडा. "घरात काय चालतंय ते दिवाणखान्यात दिसत न्हाई, सातारकर. फडताळात बघावं लागतं."

दुसरा धडा असा, की फाइल एक नसते. सर्व्हरवर लॉगिन करून शिरताना शेल एक वाचतो, नुसती नवी विंडो उघडताना दुसरी. कुठली गोष्ट कुठं लिहायची यावरून शहाणी शहाणी माणसं गोंधळतात. आणि तिसरा धडा सगळ्यात मोठा. तो त्या प्रत्येक नव्या माणसाला खुर्ची जवळ ओढायला लावून सांगायच्या.

"हे बघ. पाहुणा पुढच्या दारानं आला की दाराची पाटी वाचतो. खोलीत गेला की खोलीतली वाचतो. पण ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं हायेत न्हवं आपली, ती म्हणजे मागच्या दारानं येणारा गडी. तो यातली एकबी पाटी वाचत न्हाई. त्याला काय पायजे ते त्याच्या हातात द्यावं लागतं. तू पुढच्या दारात किती सुंदर पाटी लाव, त्याला कळणार न्हाई. आणि तो ओरडणार बी न्हाई. गप माघारी जाईल."

"म्हणजे तपासायचं कसं?" मी विचारलं.

"मागच्या दारानं जाऊन. स्वतः गडी होऊन."

त्यांची तपासायची पद्धत ठरलेली होती. टिंबाच्या फायलीला हात लावायच्या आधी शेजारी आणखी एक विंडो उघडून ठेवायची आणि तिला अजिबात शिवायचं नाही. कारण त्या फायलीत चुकीची ओळ गेली तर तुम्हाला पुन्हा आत शिरणंच अवघड होऊ शकतं. आमच्यातल्या प्रसादनं एकदा तसंच केलं. शेल हुकूम शोधायला कुठल्या कुठल्या जागी जातो त्याची यादी 'पाथ' नावाच्या व्हेरिएबलमध्ये असते. प्रसादला त्या यादीत एक जागा वाढवायची होती. त्यानं जुनी यादी ठेवून पुढं जोडायच्या ऐवजी नुसती नवी जागा लिहिली. विंडो बंद केली, परत उघडली, तर काहीच चालेना. साधी फायलींची यादी मागितली तरी शेल म्हणे, असला हुकूम मला माहीत नाही. प्रसादला घाम फुटला. त्याला वाटलं, सर्व्हर पुसला गेला. दहा वेळा शर्टाला हात पुसत तो मॅडमच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला.

मॅडमनी बघितलं आणि आम्ही त्यांना कधी हसताना पाहिलं नव्हतं इतक्या हसल्या. डोळ्यांना पदर लावून हसल्या.

"अरे, काय पुसलं-बिसलं न्हाई. गाव हाय तिथंच हाय. तू गावातले सगळे रस्ते मोडलास आणि तुझ्या एकट्याच्या घरचा तेवढा ठेवलास. आता म्हणतोस, गावात दुकानच न्हाई!"

मग त्यांनी प्रसादलाच खुर्चीत बसवलं. जागेचा पूर्ण पत्ता देऊन हुकूम कसा द्यायचा ते सांगितलं आणि त्याच्याच हातून ती ओळ दुरुस्त करून घेतली. स्वतः कीबोर्डला बोट लावलं नाही. "ज्यानं मोडलं त्यानंच बांधलं तर हात घाबरत न्हाई पुढं," त्या म्हणाल्या. प्रसाद आज मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. भेटला की अजून ते सांगतो.

हे सगळं आठवतं म्हणूनच पुढचं आठवायला नको वाटतं.

बेदाण्याचे दिवस होते. तासगावच्या बाजूला या दिवसांत जिकडं बघाल तिकडं शेड. लोखंडी सांगाड्यावर जाळीचे थरावर थर, त्यांवर द्राक्षं पसरलेली, वर पत्रा, चारी बाजू वाऱ्यासाठी उघड्या. पंधरा-वीस दिवस कोरडा वारा मिळाला की त्याचा हिरवट सोनेरी बेदाणा होतो. मध्येच पाऊस आला तर बाजूनं झड आत येते, मणी काळा पडतो, बुरशी धरतो आणि वर्षाचं काम वाया जातं. म्हणून पाऊस येणार कळलं की बाजूंनी ताडपत्र्या सोडायच्या. आमचा मेसेज त्यासाठीच.

त्याच आठवड्यात आम्ही मेसेज पाठवण्याची जुनी सेवा सोडून नवी घेतली. नवी चावी आली. ती व्हेरिएबलमध्ये ठेवायची, एवढंच काम. मॅडमनी शेजारची विंडो उघडून ठेवली, टिंबाच्या फायलीत ओळ लिहिली, नवी विंडो उघडली, प्रोग्रॅम हातानं चालवला. त्यांचा स्वतःचा फोन वाजला. प्रसादचा वाजला, माझा वाजला. "चला, झालं," त्या म्हणाल्या. खिडकीकडं बघितलं. ऊन अजून बरंच होतं. डबा खाल्ला, चपला घातल्या आणि घरी गेल्या.

मागच्या दारानं जाऊन त्यांनी बघितलं नाही.

घाई होती असं नाही. आई आजारी होती असंही नाही. पुढं किती वेळा हा प्रश्न निघाला आणि किती जणांनी त्यांना सोयीची कारणं पुढं करून दिली. त्यांनी एकही घेतलं नाही. कारण नव्हतंच. राहिलं, बस.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर तासगावकडं आभाळ भरलं. आमची यंत्रं सांगत होती. प्रोग्रॅमनं हिशोब बरोबर केला, पाऊस येणार हे बरोबर ओळखलं आणि ठरल्या वेळी मेसेज पाठवायला निघाला. तो आपोआप चालणारा. टिंबाची फाइल त्यानं वाचलेलीच नव्हती. त्याला चावी सापडली नाही. त्यानं एका कोपऱ्यातल्या फायलीत तशी नोंद केली आणि गप माघारी गेला. सांगलीत ऊन होतं. आम्ही चहा पीत होतो. पहिला फोन आला तेव्हा तिकडं गारा पडून गेल्या होत्या.

मॅडमना चूक शोधायला वेळ लागला नाही. त्या ओळीकडं बघत त्या बसल्या. आम्ही मागं उभे. त्यांनी वळून आमच्याकडं बघितलं नाही. आधी दुरुस्त केलं. चावी सगळ्या दारांतून येणाऱ्याला मिळेल अशी लावली, ठरल्या वेळेचं काम मुद्दाम चालवून पाहिलं, फोन वाजला. त्या वाजलेल्या फोनकडं त्यांनी ज्या नजरेनं पाहिलं ती मला विसरता येत नाही.

साहेबांनी रात्रीतून ठरवलं होतं. सकाळी आम्हाला बोलावून ते म्हणाले, "कुणी विचारलं तर सांगायचं, गारांमुळं नेटवर्क गेलं होतं. तसं जातंच की. कुणाला संशय येणार नाही."

मॅडमचा आवाज उतरला. साहेबांना वाकावं लागलं.

"नेटवर्क होतं, साहेब."

"मगदूम मॅडम, समजून घ्या. कंपनीचं नाव आहे. लोक परत विश्वास ठेवणार नाहीत."

"न्हाई ठेवला तर त्येंचं बरोबरच हाय."

त्या जागेवर गेल्या, पिशवी उचलली आणि मला म्हणाल्या, "सातारकर, येतोस? कुणाच्या शेडावर किती भिजलंय ते तरी बघू." मी गेलो. एसटीत त्या खिडकीशी बसल्या. सांगली सोडल्यावर दोन्हीकडं बागा लागतात. काही बागांत पानं फाटून खाली आली होती. मॅडम बघत होत्या.

पहिलं शेड एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं होतं. त्यांना सगळे बापू म्हणत. बापू शेडात उकिडवे बसून भिजलेला बेदाणा ओंजळीत घेऊन बघत होते. त्यांची सून खालच्या थरावरचा माल पोत्यात भरत होती. मॅडम समोर जाऊन उभ्या राहिल्या.

"बापू, मी मेसेजवाल्या कंपनीतली. काल मेसेज आला न्हाई तुमाला."

"न्हाई आला. म्हणलं, नेटवर्क गेलं असंल."

"नेटवर्क गेलं नव्हतं. माझ्या हातनं चूक झाली. चावी लावायची होती ती मी नीट लावली न्हाई."

बापूंनी हातातला बेदाणा खाली टाकला आणि धोतराला हात पुसले.

"आवं बाई, पाऊस काय तुमी पाडला व्हय? देवानं पाडला. बसा. उनाचं आलायसा. चहा टाक गं."

सून उठली नाही. पोत्याचं तोंड दोन्ही हातांनी धरून ती तशीच बसली होती.

"मामंजी, तसं न्हाई," ती म्हणाली आणि मॅडमकडं वळली. "माझी सासू वारली त्याच्या आधी रोज दुपारी भाईर येऊन आभाळाकडं बघायची. आमाला हाक मारायची. हे मेसेज यायला लागल्यापासनं आमी आभाळाकडं बघायचंच सोडलं. काल ढग आले तवा मी ह्यास्नी म्हणलं, झाकूया का? तर म्हणाले, पाऊस असता तर मेसेज आला असता की."

ती रागानं बोलली नाही. जे झालं ते सांगितलं. मग उठून चहा टाकायला गेली.

मॅडमनी चहा घेतला. त्या चहा कधी घेत नसत. नंतर आम्ही आणखी शेडांवर गेलो. सगळीकडं मॅडमनी तेच वाक्य म्हटलं, एकही शब्द कमी न करता. एकानं दोन शिव्या दिल्या, दुसऱ्यानं पाणी दिलं. बहुतेकांना चावी म्हणजे काय ते कळलंच नाही. बाई स्वतः चालत येऊन चूक झाली म्हणते एवढंच कळलं, आणि तेवढ्यानं ते निवले. परतताना मी म्हणालो, "मॅडम, बघा, लोक चांगले आहेत. कुणी फारसं बोललंही नाही."

"तेच तर," त्या म्हणाल्या. "वरडले असते तर बरं झालं असतं."

साहेब वाईट नव्हते. पण तोवर फोन करणाऱ्या काहींना ते नेटवर्कचंच सांगून बसले होते, आणि आता लोकांसमोर खोटे पडले होते. त्यांनी मॅडमना बोलावून सांगितलं, "थोडे दिवस सर्व्हर प्रसादला बघू दे. तुम्ही जरा विश्रांती घ्या." मॅडम 'बरं' म्हणाल्या. प्रसादला शेजारी बसवून एकेक गोष्ट समजावून दिली. त्यात आठवडा गेला. एवढ्या दिवसांत त्यांनी एकदाही 'मागच्या दारानं' हा शब्द उच्चारला नाही. प्रसादनंच तो काढला तेव्हा त्या पाणी प्यायला उठून गेल्या. मग एक दिवस त्या आल्या नाहीत. राजीनामा आला. तो साहेबांनी बरेच दिवस टेबलावर पालथा ठेवला होता. शेवटी ते स्वतः त्यांच्या घरी गेले. मॅडमच्या आईनं पोहे केले, मॅडम अगत्यानं बोलल्या आणि नको म्हणाल्या.

मीही गेलो होतो. त्या गच्चीवर वाळवण उचलत होत्या. मी रागावूनच बोललो. चुका आम्ही सगळ्यांनीच केल्यात, म्हणालो, याहून मोठ्या केल्यात. तुम्हीच आम्हाला परत खुर्चीत बसवलंत. मग तुमचंच असं काय?

त्यांनी कुरडयांचं सूप खाली ठेवलं.

"येत नव्हतं म्हणून चुकलं असतं तर शिकले असते रं. मला येत होतं. तुमाला रोज सांगत होते. आता शिकायचं काय, सांग बघू?"

मला सांगता आलं नाही. आज येईल असंही नाही. एवढं मात्र वाटतं, की त्या वेळी आमच्यातल्या कुणीतरी उत्तर शोधायला हवं होतं. आम्ही सगळे त्यांना चूक विसरा म्हणत होतो, आणि त्या तर वेगळंच काहीतरी विचारत होत्या.

पुढं त्यांची आई गेली. मॅडमनी सांगलीतली जागा सोडली आणि गावी भावाकडं राहायला गेल्या. कंपनी दुसऱ्या कुणी विकत घेतली. ऑफिस गोदामावरून हललं. मी सातारला परत आलो, घरातूनच काम करायला लागलो. सुरुवातीला मॅडमना फोन करायचो. त्या कामाचं सोडून सगळं विचारायच्या. आई कशी आहे, अजिंक्यताऱ्यावर जातोस का. हळूहळू फोन सणासुदीपुरते राहिले. मग तेही नाहीत.

मागल्या वर्षी तासगावला एका लग्नाला गेलो होतो. जेवण आटपून दुपारी त्यांच्या गावी गेलो, न कळवता. घर रस्त्याला लागूनच. मॅडम शेडात बेदाणा निवडत बसल्या होत्या. केस बरेच पिकले होते, हात रापले होते. मला बघून उठल्या. "सातारकर!" एवढंच म्हणाल्या आणि आत नेऊन पाट मांडला.

घरात त्यांची पुतणी होती, स्नेहल. इंजिनियरिंगला होती, सुट्टीला आलेली. लॅपटॉप मांडीवर घेऊन वैतागून बसली होती. मी काय काम करतो ते कळल्यावर तिनं लगेच लॅपटॉप माझ्याकडं वळवला.

"काका, बघा की जरा. प्रोजेक्टसाठी एक व्हेरिएबल सेट केलंय. चालतंय. पण विंडो बंद करून परत उघडली की जातंय. दर वेळी परत टाइप करायलीय."

मी मान वर करून मॅडमकडं पाहिलं. त्या दारात चौकटीला टेकून उभ्या होत्या, हातात पाण्याचा तांब्या. त्यांची नजर पडद्यावर होती. क्षणभर ती जुनी नजर होती, ओळीवरून ओळीवर जाणारी.

"आत्याला विचारलंस का?" माझ्या तोंडून गेलं.

स्नेहल हसली. "आत्याला? तिला कंप्युटरमधलं काय कळतंय! ती सांगलीत टायपिंगला होती."

मॅडमही हसल्या. "मला कुठलं कळतंय ते," म्हणाल्या. तांब्या माझ्याजवळ ठेवला आणि आत गेल्या. भांड्यांचा आवाज यायला लागला.

मी स्नेहलला टिंबाच्या फायली दाखवल्या. कुठली कधी वाचली जाते ते सांगितलं. ती हुशार होती, पटकन समजली. आतला भांड्यांचा आवाज मध्येच थांबायचा आणि मग परत सुरू व्हायचा.

मॅडम मला सोडायला फाट्यापर्यंत आल्या. वाटेत बागेबद्दल बोलल्या, यंदा मणी चांगला भरलाय म्हणाल्या. फाटा जवळ आल्यावर थांबल्या.

"तिला सांगितलं न्हाईस ते बरं केलंस."

"सांगायला पाहिजे होतं, मॅडम. तिला अभिमान वाटला असता."

"पोरगी पुढं काय काय विचारंल. एक सांगितलं की सगळं सांगावं लागतं." मग रस्त्याकडं बघत म्हणाल्या, "चांगलं शिकवलंस. घाई केली न्हाईस."

एसटी आली. मी चढलो, मागची जागा मिळाली. गाडी हलली तेव्हा एकदम वाटलं की अजून काहीतरी बोलायचं राहिलंय. काय, ते ठरलेलं नव्हतं. मी खिडकीतून डोकं बाहेर काढून हाक मारली, "मॅडम!"

फाट्यावर शाळा सुटून आलेल्या दोन-तीन शिक्षिका उलट दिशेच्या गाडीची वाट बघत उभ्या होत्या. त्या सगळ्यांनी वळून बघितलं. विमल मगदूम वळल्या नाहीत. डोक्यावरचा पदर सारखा करत बागेच्या कडेनं त्या घराकडं चालत राहिल्या.